मुक्कामी गाडी

दुपारी 12.40

मुक्कामी ड्युटीचा दिवस दुपारी उजाडतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मावळतो. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम अंगाला, डोंगरातल्या एका तालुक्याचं एसटी आगार. आषाढाची झड लागलेली. आगाराचं नाव मी लिहीत नाही, कंडक्टरचंही नाही. तो दिवसातून दोन-चार नियम वाकवतो. ते मला सांगायचं आहे, आणि त्याची नोकरीही टिकायला हवी आहे. आगारात त्याला सगळे अण्णा म्हणतात. आपणही अण्णाच म्हणू.

अण्णांची नोकरी एकवीस वर्षांची. खिडकीतून तिकिटाचं मशीन घेतात. चार्जिंग बघतात. कागदाचा रोल काढून कोरडा आहे का ते बोटानं चाचपतात, पुन्हा बसवतात. मशीन बंद पडलं तर लागतील म्हणून छापील तिकिटं घेतात, त्यांचे नंबर टिपून ठेवतात. गळ्यात शिट्टी. छातीवर बिल्ला. खांद्याला चामडी बॅग. बॅगेचा पट्टा मागच्या महिन्यात तुटला. मोच्याकडून शिवून घेतला, चाळीस रुपये गेले, स्वतःचे.

मग मार्गपत्रकावर एक आकडा लिहितात. खासगी रक्कम : 200.

म्हणजे स्वतःच्या खिशात किती पैसे घेऊन निघालो, ते आधीच लिहून द्यायचं. वाटेत तपासणी झाली तर तिकिटांचे पैसे अधिक हे दोनशे, एवढीच रक्कम अंगावर सापडली पाहिजे. कमी नको, जास्तही नको. एकवीस वर्षांत हा आकडा लिहायला विसरलो नाही, असं अण्णा म्हणाले. शंभराची नोट आणि उरलेले सुट्टे. ते दोनशे कशाला लागतात, ते मला संध्याकाळी कळलं.

दुपारी 1.15

गाडी साधी. लाल. डाव्या बाजूच्या तिसऱ्या खिडकीची काच खाली सरकते, तिथं कुणीतरी पुठ्ठ्याची घडी खोचली आहे. आत नियमच नियम रंगवलेले. खिडकीबाहेर हात काढू नये. धूम्रपान करू नये. बेवारस वस्तूस हात लावू नये. विनातिकीट प्रवास गुन्हा आहे. सीटांच्या वर आरक्षणं : महिला, अपंग, स्वातंत्र्यसैनिक, विधिमंडळ सदस्य. त्या शेवटच्या सीटवर कोंबड्यांची पाटी मांडीवर घेतलेली एक बाई बसली आहे. तिला कुणी उठवलं नाही. विधिमंडळ सदस्य आले तर उठवतील.

अण्णा दोरी दोनदा ओढतात. गाडी निघते.

पहिली फेरी बाजारगावाला, अठरा किलोमीटर. सहा किलोमीटरचा एक टप्पा, म्हणजे तीन टप्पे. 25 जानेवारी 2025 ला भाडं 14.95 टक्क्यांनी वाढलं, तेव्हापासून पहिल्या टप्प्याला अकरा रुपये, दुसऱ्याला एकवीस, तिसऱ्याला एकतीस. त्या वरच्या एका रुपयानं कंडक्टरचं अर्धं काम वाढवलं. लोक दहाची नोट काढतात आणि रुपयासाठी पदर, बटवा, खिसा धुंडाळतात. अण्णा वाट बघतात. बूट सीटच्या पायाला टेकवलेला, पाठ दांडीला, दोन्ही हात मोकळे. घाटाच्या वळणावर हा माणूस काही न धरता उभा राहतो, नोट मोजतो, मशीनवर बटणं दाबतो, तिकीट फाडतो. मी सीटवर बसून दांडी धरली आहे.

नोटा भिजलेल्या असतात. भिजलेली दहाची नोट दुसरीला चिकटली की दोनाची एक होते. म्हणून अण्णा प्रत्येक नोट अंगठा आणि तर्जनीत धरून एकदा चोळतात. फारच ओली असली तर बॅगेतल्या एका जुन्या वहीच्या पानांत ठेवतात. वही फुगून दुप्पट झाली आहे.

दुपारी 1.50

एक बाई आणि मूल. "माझं एक. ह्याचं नको, चार वर्षांचा हाय."

पाच वर्षांच्या आतल्या मुलाला तिकीट नाही. पाच ते बारा अर्धं. अण्णा वय विचारत नाहीत. आईला खोटं बोलायला लावायचं नाही आणि पोराला आईविरुद्ध साक्ष द्यायला लावायची नाही, असा त्यांचा रिवाज आहे. ते पोराला म्हणतात, "हस बघू." पोरगं हसतं. वरचे पुढचे दोन्ही दात पडलेले.

अण्णा अर्धं तिकीट काढतात. बाई काही बोलत नाही. पदराच्या गाठीतून पैसे काढते.

मी नंतर विचारलं. एवढं काय बिघडलं असतं? अण्णा म्हणाले, "17 मार्च 2023 पासून बायांना निम्मं तिकीट झालं. तिला ते मी न मागता दिलं. जे आहे ते पुरतं द्यायचं, जे घ्यायचंय ते पुरतं घ्यायचं. तिच्यामागं बसलेल्या बाईनं पोराचं तिकीट काढलंय, तिनं काय पाप केलं?"

हे मला पटलं. नियम वाकवण्याबद्दल बोलताना आपण नेहमी समोरच्या एका माणसाचा विचार करतो. मागच्या सीटवर नियम पाळून बसलेला माणूस आपल्या डोळ्यांपुढे येत नाही.

दुपारी 2.35

बाजारगाव. आज आठवडा बाजार. पाऊस असला तरी ताडपत्रीखाली मिरची, सुकट, बी-बियाणं मांडलं आहे. परतीची वेळ 2.40.

एक तरुण छत्री घेऊन येतो. गावातल्या एका पुढाऱ्याचं नाव घेतो. पाहुणे चहा घेताहेत, दहा मिनिटं थांबवा. अण्णा घड्याळ दाखवतात. तो फोन लावून अण्णांच्या कानाला देऊ करतो. अण्णा हात जोडतात, फोन घेत नाहीत. "पुढची गाडी पावणेपाचला हाय म्हणावं. आणि पाहुण्यांना माझा नमस्कार सांगा."

2.40 ला दोन घंट्या.

दुपारी 4.05

दुसऱ्या फेरीत, ओढ्याच्या पुलाजवळ, जीप आडवी. तपासणी पथक. तिघेजण चढतात. मुख्य तपासनीस अण्णांच्याच वयाचे. ओळख आहे, पण नमस्कारापलीकडे बोलणं नाही. अण्णा मशीन देतात, बॅग देतात, मार्गपत्रक देतात आणि बाजूला उभे राहतात. आपल्या गाडीत आपणच पाहुणे झाल्यासारखे.

प्रत्येकाचं तिकीट बघितलं जातं. मागच्या सीटवर एकजण विनातिकीट निघतो. आताच चढलोय म्हणतो. मशीन सांगतं की मागच्या थांब्याला तिघांची तिकिटं निघाली, आणि तिथं तिघंच चढले होते. हा चौथा त्याआधीचा. चुकवलेलं भाडं, आणि दंड म्हणून त्याची दुप्पट किंवा शंभर रुपये, जे जास्त असेल ते. तो शंभर भरतो, वर भाडं. अण्णांच्या नावावरही नोंद होते, कारण माणूस विनातिकीट राहिला म्हणजे कंडक्टरनं विचारलं नाही. गाडी भरलेली असताना तो खाली वाकून झोपलेला होता, हे अण्णा सांगत नाहीत. मीच सांगतो आहे.

मग पैसे. नोटा सीटवर ओळीनं मांडतात. चिल्लर वेगळी. आठ रुपये जास्त.

जास्त पैसेही गुन्हाच. जास्त म्हणजे कुणाकडून तरी घेतले आणि तिकीट दिलं नाही, असा त्याचा अर्थ निघतो. अण्णा म्हणतात, "दोघांचे चार-चार परत द्यायचेत." तपासनीस प्रवाशांत फिरतात. सातव्या सीटवरची म्हातारी तिकीट उलटं करून दाखवते. मागं पेननं 4. दुसरं तिकीट दारापाशी उभ्या मुलाकडं. मागं 4.

तपासनीस मार्गपत्रकावर लिहितात : शिल्लक 8, प्रवाशांस देणे, खात्री केली. सही.

उतरताना मी त्यांना गाठलं. आठ रुपयांसाठी वीस मिनिटं? ते पावसात उभे राहून शांतपणे बोलले. "मीही सतरा वर्षं बॅग लावलीय. आज मी आठ रुपये मोजले नाहीत, तर उद्या कुणीतरी ऐंशी ठेवील, परवा आठशे. आणि ज्या दिवशी तो सापडंल, त्या दिवशी लोक म्हणतील सगळे कंडक्टर चोर. अण्णाला माझ्या मोजण्याचा त्रास नाही. त्याच्यावर कुणी बोट दाखवू नये म्हणूनच मी मोजतो."

जीप गेली. अण्णांनी म्हातारीला चार रुपये दिले. चिल्लर आता जमली होती.

संध्याकाळी 5.10

तालुक्याचं स्टँड. चहा दहा रुपये, वडापाव वीस. अण्णांचा डबा घरचा आहे, रात्रीसाठी राखलेला. हातात सत्तावीस हजार पडतात, म्हणाले. पीएफ आणि सोसायटीचा हप्ता कापून. मुलगी कोल्हापुरात नर्सिंगला आहे. तिची खोली, मेस. मुक्कामाचा भत्ता मिळतो, त्यात चहा-नाश्ता निघतो.

त्यांनी नोकरी धरली तेव्हा तिकिटांचा पत्र्याचा ट्रे होता. रंगीत तिकिटांचे गठ्ठे कप्प्यांत उभे, आणि हातात पंच. दोन रुपयांचं एक, पाचाचं एक, असं जोडून भाडं करायचं आणि टक टक टक भोकं पाडायची. त्या पंचनं उजव्या अंगठ्याच्या मुळाशी घट्टा पडला. मशीन येऊन वर्षं झाली, घट्टा आहे. मला हात पुढे करून दाखवला. मी बोट लावून बघितलं. हरभऱ्याएवढा, टणक.

संध्याकाळी 6.00

मुक्कामाची गाडी. तीस किलोमीटर, पाच टप्पे, वर घाट. ह्या रस्त्यावरची ही शेवटची.

नियंत्रकानं गाडीची सूचना दिली. अण्णांनी दोरी धरली नाही. दारात उभे राहून रस्त्याकडं बघत राहिले. 6.01. 6.02. चालक मामा आरशातून बघतात. तेही काही बोलत नाहीत, इंजिन चालू आहे. नियंत्रक खिडकीतून हात हलवतो, निघा. 6.03.

कोपऱ्यावरून सहा मुली पळत येतात. दप्तरं डोक्यावर. दहावीचा जादा तास होता. अण्णा दार धरतात, मोजतात. "सातवी कुठंय?" "ती मावशीकडं राहिली." दोन घंट्या. 6.04.

मुलींचे पास आहेत, मोफत. गाव ते शाळा. त्यांना तिकीट नाही, त्यांच्यापासून आगाराला आज एक रुपया मिळणार नाही. गाडी चुकली असती तर वर आठ किलोमीटर चढ, पावसात, अंधारात. पालक एखाद्या वेळी जीप करून आणतील. दुसऱ्या वेळी शाळा बंद करतील.

अण्णांनी मशीन गुडघ्यावर ठेवून कागदावर लिहिलं : चार मिनिटे उशीर, शाळेच्या मुली. मी म्हटलं, गर्दी लिहिलं असतंत तर कुणी विचारलं नसतं. ते म्हणाले, "का? खोटं लिहायचं असतं तर थांबलोच नसतो."

दुपारच्या पाहुण्यांना दहा मिनिटं नाकारली आणि इथं चार दिली. मला दोन्ही बरोबर वाटली. पाहुण्यांना पुढची गाडी होती. मुलींना ही एकच.

संध्याकाळी 6.25

घाट लागायच्या आधी अण्णा मागच्या सीटपर्यंत पोचतात. खिडकीशी एक म्हातारा. मळकं धोतर, अंगावर मुलाचा जुना रेनकोट, हातात औषधांची पिशवी. 

"आबा, कार्ड."

पंचाहत्तरीच्या वरच्या माणसाला एसटी फुकट. 26 ऑगस्ट 2022 पासून. आधार दाखवायचं, मशीनमधून शून्य रुपयांचं तिकीट निघतं. आबांचं आधार दुसऱ्या बंडीत राहिलं. पिशवी उलटीपालटी करतात. दवाखान्याचा कागद, गोळ्यांची पाकिटं, तंबाखूची डबी. कार्ड नाही.

अण्णा आबांना नऊ वर्षं ओळखतात. मुक्कामाच्याच गावचे. वय ऐंशीच्या पुढे. गाडीतल्या कुणालाही विचारा. शून्याचं तिकीट काढायला एक बटण.

अण्णांनी पूर्ण तिकीट काढलं. एक्कावन्न.

"आबा, किती हायत?" आबांकडं तीस निघाले. बाकीचे गोळ्यांत गेले. अण्णांनी तीस घेतले, शर्टाच्या आतल्या खिशातून वीसची नोट आणि एक रुपया काढला, एकत्र करून बॅगेत टाकले. तिकीट आबांच्या हातात दिलं. "पडू देऊ नका." मार्गपत्रकावर लिहिलेले दोनशे आता एकशे एकोणऐंशी झाले.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, शून्याचं काढलं असतंत तर कुणाचं नुकसान होतं? आबा पंचाहत्तरीच्या वर आहेत, ही गोष्ट खरीच आहे.

अण्णा माझ्या शेजारी टेकले. दिवसातून पहिल्यांदा बसले. "हे शून्याचं तिकीट म्हणजे फुकट नसतं. त्याचे पैसे सरकार एसटीला देतं. एकेक शून्य म्हणजे सरकारकडं मागायचं बिल. आणि त्या बिलावर माझी सही असती, की मी कार्ड बघितलं. मी बघितलं नाही. मग मी सही कशी करू?"

"आणि आबांना उतरवायचं?"

"ऐंशी वर्षांचा माणूस. पाऊस. उतरवायचं कसं?"

म्हणून एकवीस रुपये. नियम जागच्या जागी राहिला, आबाही सीटवर राहिले. फरक अण्णांच्या खिशातून निघाला. मी आजवर खूप लोकांना नियम वाकवताना बघितलं आहे. साहेब वाकवतो तेव्हा खर्च खात्याचा होतो. ओळखीचा वाकवून घेतो तेव्हा रांगेतल्याचा. स्वतःच्या सत्तावीस हजारांतून भरून वाकवणारा माणूस मला कमी भेटला. आणि त्यानं भरावे लागू नयेत असं मला मनापासून वाटतं. आबा ऐंशीचे आहेत हे नऊ वर्षं बघणाऱ्या माणसाचा शब्द, कुठल्या तरी रकान्यात, सहीनिशी, लिहिता आला पाहिजे. तसा रकाना नाही.

संध्याकाळी 6.50

घाट. मोबाइलला रेंज नाही. मशीनवर क्यूआर येतो, प्रवासी फोन धरतो, चाक फिरत राहतं. दोघांचे पैसे अडकले. अण्णा म्हणतात, वर शाळेपाशी रेंज येते, तिथं बघू. वर शाळेपाशी आली. एकाचे गेले. दुसऱ्यानं रोख दिले.

सगळीकडं हात दाखवला की गाडी थांबते. साध्या गाडीला तसं थांबायची मुभाच आहे, तो काही वाकवलेला नियम नव्हे. फक्त एका ठिकाणी अण्णा थांबायची घंटी देत नाहीत. वळणाच्या पोटात एक वस्ती आहे. तिथले लोक वळणावरच हात दाखवतात. गाडी शंभर पावलं पुढं, सरळ रस्त्यावर थांबते. लोक शिव्या देत पळत येतात. नऊ वर्षं देताहेत. नऊ वर्षं गाडी पुढंच थांबते.

संध्याकाळी 7.40

गाव. मारुतीच्या देवळापुढं पार, पाराच्या कडेनं उतार, उताराखाली ओढा. गाडी इथं वळवायची. पुढं जागा नाही. मागं घ्यावी लागते.

प्रवासी उतरले. अण्णांनी बॅग खांद्याला अडकवली, टॉर्च घेतला, छत्री घेतली नाही. खाली उतरले. गाडी मागं घेताना कंडक्टरनं खाली उतरून, मागं उभं राहून शिट्टी द्यायची, असा नियम आहे. पथक इथवर येत नाही. रात्र आहे. धो धो पाऊस आहे. मामांनी ह्या गावात शेकडो वेळा गाडी वळवली आहे. डोळे मिटून वळवतील.

अण्णा चालकाच्या बाजूला, आरशात दिसतील असे उभे राहतात. टॉर्च आपल्याच छातीवर मारतात, बिल्ल्यावर, म्हणजे मामांना ते दिसावेत. मग शिट्टी. तुटक, एकसारखी. गाडी मागं येते. मागचा लाल दिवा पावसात पसरलेला. आणखी. आणखी.

लांब शिट्टी. गाडी जागच्या जागी.

मला काहीच दिसलं नव्हतं. अंधाराचाच एक तुकडा हलला. इरलं पांघरलेली बाई, कमरेत वाकलेली, लावणीवरून परतत होती. प्लास्टिकचं काळं इरलं, डोक्यापासून गुडघ्यापर्यंत. आत पावसाचा एवढा आवाज होत असेल की इंजिन ऐकू येत नसेल. ती गाडीच्या मागून, हाताच्या अंतरावरून, मान वर न करता निघून गेली. तिला कळलंही नाही.

अण्णांनी पुन्हा तुटक शिट्टी सुरू केली.

आत आल्यावर शर्ट पिळला. ह्या बाबतीत ते काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

रात्री 9.00

मुक्काम देवळाच्या ओवरीत. पूर्वी गाडीतच झोपायचे, आता गावानं दोन गाद्या आणि एक बल्ब दिला आहे. डब्यात भाकरी, मेथीची भाजी, लसणाची चटणी. समोरच्या घरातून आमटीचं पातेलं आलं. मामा लवकर झोपले.

अण्णा पैसे मोजून बॅग उशाखाली घेतात. पट्टा मनगटाला गुंडाळतात. वहीतल्या ओल्या नोटा काढून गादीखाली सपाट करून ठेवतात. सकाळपर्यंत अंगाच्या उबेनं वाळतात.

पहाटे 5.15

मामांनी इंजिन सुरू केलं. अण्णा टायरवर टॉर्च मारून बघतात.

पाराशी बाया डबे घेऊन उभ्या. तालुक्याला खोली करून शिकणाऱ्या मुलांचे डबे. आज अकरा. कापडी पिशवीवर दोऱ्यानं नाव काढलेलं, कुणाच्या स्टीलवर कोरलेलं. सोबत माणूस नसलेलं सामान गाडीत घ्यायचं नाही. आत तसं रंगवलेलंही आहे.

अण्णा डबा घेतात. पण कसा घेतात ते बघण्यासारखं आहे. दुसऱ्याच्या हातून पाठवलेला घेत नाहीत. ज्या घरचा डबा त्या घरचं माणूस स्वतः आलं पाहिजे. आणि झाकण उघडायचं. रोज. एक नवी सून लाजत झाकण उघडते. गरम भाकरीची वाफ, वाटाण्याची उसळ. अण्णा टॉर्च मारतात, मान हलवतात. ती झाकण लावते.

पैसे घेत नाहीत. एकीनं दहा रुपये पुढं केले. "ते आत ठेव. घेतले की तो धंदा झाला, मग मला त्याचं तिकीट फाडावं लागंल."

तेवढ्यात आबा. रेनकोट, हातात उंच धरलेलं आधार कार्ड. प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं. "हे बघ, हाय का न्हाई?" अण्णा टॉर्च मारून बघतात, नीट वाचतात. जन्मसाल बघतात. आबा दहाची नोट देतात. "बाकीचे आकरा बाजारच्या दिवशी." अण्णा नोट घेतात, चोळून बघतात, आतल्या खिशात ठेवतात. मार्गपत्रकावरचे दोनशे आता एकशे एकोणनव्वद.

5.45 ला दोन घंट्या.

सकाळी 7.25

स्टँड. मुलं डब्यासाठी उभी. नाव वाचून डबा दिला जातो. एक डबा उरला. सातवीतल्या मुलाचा. तो आला नाही. अण्णा पाच मिनिटं बघतात, मग डबा चालकाच्या मागच्या सीटखाली ठेवतात. साडेआठची फेरी आहे.

फेरीत विशेष काही घडलं नाही. बावन्न तिकिटं. फेरी आटोपून परत आलो तेव्हा तो मुलगा पळत आला, ताप होता म्हणाला, डबा घेतला आणि कालचा रिकामा दिला.

सकाळी 11.10

रोकड खिडकी. मशीनचा कागद, मार्गपत्रक, बॅग. कॅशियर नोटा मोजतो, अण्णा समोर उभे. गादीखाली वाळवलेल्या नोटा कडक झाल्या आहेत, यंत्रातून नीट जातात.

दोन रुपये कमी.

कमी पडले तर कंडक्टरनं भरायचे. जास्त निघाले तर आगारात जमा. अण्णा आतल्या खिशातून दोनाचं नाणं काढून खिडकीत सरकवतात. कॅशियर पावती फाडतो.

मग बाकावर बसून ती फुगलेली वही उघडतात. मागच्या पानावर तारीख, आणि पुढं : आबा, 11 येणे. त्याच्या वर अशा ओळी आहेत. काहींवर काट मारलेली. काहींवर नाही.

सकाळी 11.50

दुपारच्या मुक्कामी ड्युटीचा कंडक्टर लवकर आला आहे. तरुण, नोकरीला दीड वर्ष झालेलं. अण्णा त्याला गाडीशी घेऊन जातात. जे कुठल्याच कागदावर नाही ते सांगतात. तिसऱ्या खिडकीचा पुठ्ठा भिजलाय, नवा टाक. चालकामागं सीटखाली एक रिकामा डबा हाय, देवळासमोरच्या घरात दे, त्या घरच्याच माणसाच्या हातात दे. सहाला निघताना दहावीच्या पोरी मोज, सात आहेत. देवळापाशी मागं घेताना डाव्या अंगाला जास्त बघ, इरली येतात.

पोरगा मान डोलावतो.

"आणि आबा भेटले तर कार्ड मागून घे. आता हाय त्यांच्याकडं."

"तुम्ही बघितलंय म्हणताय ना?"

"मी बघितलंय," अण्णा म्हणाले. "तू मागून घे."